खाली पाठवण्याची रीत

सोमवार, ३ फेब्रुवारी १९९७, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटे. नोकरीचा माझा पहिला दिवस होता आणि डबा कुठे बसून खायचा हे मला कुणी सांगितले नव्हते, म्हणून मी लॅबच्या दारात उभी होते. आत आमचे मास्तर संगणकासमोरच्या खुर्चीवरून उठले. त्यांनी अंगातल्या पांढऱ्या कोटाचे वरचे बटण लावले आणि पडद्याकडे पाहून शांत आवाजात म्हणाले,

"हॉलोवे, तुला खाली जावं लागतंय. चाळीस वेळा बॅट घेऊन उतरलास, सात वेळा चेंडू मारलास. कारण एवढंच. हा कायमचा निकाल नाही. तिथं तुला रोज खेळायला मिळेल. काही बोलायचंय?"

पडदा अर्थातच काही बोलला नाही. मास्तरांनी त्याला बोलायला पुरेसा वेळ दिला. मग ते बसले, एक कळ दाबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आत ये. डबा इथंच खा. पण बीकरच्या टेबलावर नाही."

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून, तेही प्रथम वर्गात, तिथे रुजू झाले होते. पहिल्या अर्ध्या दिवसात मी दोन निष्कर्ष काढले. एक, या माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. दोन, माझी बढती लवकर होईल. दोन्ही निष्कर्ष अपुऱ्या निरीक्षणावर आधारलेले होते.

आमची मिल सुरतेत, उधना आणि बमरोलीच्या मधल्या पट्ट्यात होती. ग्रे म्हणजे कोरे कापड यायचे, रंगवून आणि छापून साड्या होऊन जायचे. रंगाई खात्याचे प्रमुख म्हणजे डाइंग मास्तर, आणि त्यांची लॅब लोखंडी जिन्याने वर, माळ्यावर. माळ्याखाली जेट यंत्रे, ज्यांत कापड दाबाखाली उकळत्या रंगात फिरत राहते. आणि त्याही मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, कलर किचन : छपाईसाठी गोंद शिजवण्याची, रंग तोलण्याची आणि ढवळण्याची जागा. वरून खाली पाहिले की तिन्ही पायऱ्या एका नजरेत दिसत.

संगणक मिलच्या मालकांनी, शेठनी, रंगांची कृती काढण्यासाठी आणला होता. त्याला स्पेक्ट्रो नावाचे यंत्र जोडलेले होते. दोन कापडांच्या रंगांत किती फरक आहे हे ते आकड्यात सांगे. शेठचे मेहुणे अमेरिकेत राहत. त्यांनी या संगणकाबरोबर फ्लॉपींचा एक डबाही पाठवला होता आणि त्यांतल्या एकीवर बेसबॉलचा खेळ होता. यंत्र बसवायला आलेला इंजिनिअर तो पुसून टाकणार होता. मास्तर म्हणाले, राहू दे.

मास्तरांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता. मीही नाही. पण त्या खेळात पाहण्यासारखे काही नव्हतेच. ना मैदान, ना चेंडू, ना माणसे. फक्त तक्ते. एका संघात पंचवीस नावे, त्याच्या खालच्या संघात आणखी काही नावे, आणि प्रत्येक नावापुढे आकडे. खेळणाऱ्याने संघ चालवायचा : आज कोण उतरेल, कोण बाकावर बसेल, कुणाला खालच्या संघात पाठवायचे आणि तिथून कुणाला वर आणायचे. सामना संगणकच आपला आपण खेळून टाकी आणि निकाल सांगे. मास्तरांनी यादीतला सर्वांत खालचा संघ निवडला होता आणि तो बहुतेक वेळा हरत असे.

"चित्रं का नाहीत यात?" मी एकदा विचारले.

"नाहीत म्हणून तर खेळतो. चित्रातला माणूस हसताना दिसतो. आपल्याला वाटतं, याचं बरं चाललंय."

ते मूळचे शिंदखेड्याकडचे. घरी अहिराणी, शेठशी हिंदी-गुजराती, आणि लॅबमध्ये माझ्याशी सावध, पुस्तकी मराठी. शरीराने किडकिडीत, नखांच्या कडांना कधीही न जाणारा निळा रंग. मला ते "एमेस्सी" म्हणत. त्यात थोडी थट्टा असे, थोडा आदर, आणि त्यांचे प्रमाण दररोज बदले.

खाली पाठवण्याची त्यांची रीत ठरलेली होती. उभे राहून सांगायचे. नाव पूर्ण आणि नीट उच्चारायचे. जेवणाच्या आधी सांगायचे, नंतर नाही. "जेवून झाल्यावर सांगितलं तर खाल्लेलं अंगाला लागत नाही. आधी सांगितलं तर माणूस निदान भांडतो, आणि भांडल्यावर भूक लागते." आणि कारण एकच द्यायचे. "दोन कारणं दिली की त्यातलं एक खोटं असतं."

मला हे सगळे भावनेचे वाटे आणि भावनेचा हिशेब मागण्याची मला सवय होती. एका शनिवारी मी त्यांच्या दोन महिन्यांच्या सगळ्या बदल्या तपासल्या. ज्यांना वर आणले आणि ज्यांना खाली पाठवले त्यांच्या खेळात नंतर पडलेला फरक बहुतेक योगायोगाइतकाच होता.

"मास्तर, तुमच्या निर्णयांनी संघाचं काही भलं झालेलं नाही. नाणं उडवलं असतं तरी हेच झालं असतं."

त्यांनी माझा कागद लक्षपूर्वक वाचला. "बरोबर दिसतंय."

"मग?"

"मग काय? नाण्याला उभं राहून सांगता येत नाही."

"तुम्ही आठ-दहा सामन्यांवर माणसाला खाली पाठवता. सॅम्पल लहान पडतं."

"माणूस एकच असतो, एमेस्सी. सॅम्पल मोठं कुठून आणू?"

मी विषय सोडून दिला, पण त्यांचा मुद्दा मला मान्य नव्हता. आजही पूर्ण मान्य नाही.

ही रीत त्यांनी पडद्यापुरती ठेवली नव्हती. किंबहुना ती पडद्यावर नंतर आली. आमच्या भागातल्या मिलमध्ये जेट यंत्रावरचा कारीगर चुकला की त्याला किचनमध्ये पाठवत. काम अधिक कष्टाचे, मिळकत कमी, आणि संध्याकाळपर्यंत बमरोलीच्या चाळीत सगळ्यांना कळलेले असे की अमुक आता गोंद ढवळतो. बाकीचे मास्तर हे दारवानाकरवी सांगत. कारीगर सकाळी यायचा आणि दारवान म्हणायचा, तू आजपासून तिकडे. आमचे मास्तर त्याला लोखंडी जिन्याने वर बोलवत, कोटाचे बटण लावत आणि उभे राहून सांगत.

याचे मूळ त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही बीकर धुता धुता. तरुणपणी ते खान्देशातल्या एका जुन्या कापड गिरणीत होते. एक दिवस पाळीवर गेले तर हजेरीच्या फळीवर त्यांचे कार्ड नव्हते.

"मी फळी तीनदा वाचली. वाटलं, दुसऱ्या खाचेत गेलं असेल. माझ्यामागं रांग लागली होती. कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून." त्यांनी बीकर उजेडात धरून पाहिला. "काढलं याचं काही नाही. काढतात. पण मी वाचत उभा होतो ना, ते."

निंबाची ओळख आता करून द्यायला हवी. निंबा शिरपूरकडचा, जेट यंत्रावरचा कारीगर, चाळिशीचा, गळ्यात लाल गमछा, आणि आमच्या मिलमधला सर्वांत वेगवान माणूस. त्याचा दोष हाच होता. रंगाचे पाणी हळूहळू तापवावे लागते. घाई केली तर रंग कापडाला एकसारखा धरत नाही, काठाला गडद आणि मध्ये फिका बसतो, डाग पडतात. निंबाला थांबता येत नसे. वाफेच्या व्हॉल्व्हवर हात ठेवला की तो फिरवल्याशिवाय त्याला राहवतच नसे.

बेसबॉलची गोष्ट त्यालाही माहीत होती. हॉलोवेचे त्याने "हालव्या" करून टाकले होते. सकाळी जिन्याखालून तो ओरडे, "मास्तर, तो हालव्या वर उना का?"

"नाही अजून."

"त्याले म्हनावं, आठे ये. मी शिकाडस त्याले चेंडू ठोकाले."

"आधी तू थांबायला शीक."

"थांबासाठे काय शिकनं पडस, मास्तर? बसी राहनं पडस फक्त!" आणि तो एका ठिकाणी बसू शकत नाही हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे खाते हसे.

मास्तरांनी निंबाला तीन वेळा किचनमध्ये पाठवले होते आणि तीन वेळा परत जेटवर आणले होते. हे सर्व मी येण्याआधीचे. आता त्या खेळातला एक नियम सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरून झाले. त्या खेळात एका खेळाडूला फक्त तीन वेळा मुकाट्याने खाली पाठवता येते. चौथ्या वेळी पाठवण्याआधी त्याचे नाव बाकीच्या सगळ्या संघांपुढे ठेवावे लागते : आमच्याकडे हा माणूस आहे, कुणाला हवा का? ज्याला हवा तो घेऊन जातो. कुणालाच नको असला, तर तो आपल्याकडे वरच राहतो. मास्तरांना जगातल्या कोणत्याही कायद्यापेक्षा हा नियम न्याय्य वाटे. "एकाच माणसाला किती वेळा खाली ढकलशील? चौथ्यांदा त्याला विचारायचा हक्क आहे, की बाबांनो, दुसऱ्या कुणाला तरी माझा उपयोग आहे का?"

जुलैच्या मध्याला निंबाने राणी रंगाचा एक मोठा लॉट बिघडवला. शेठनी सांगितले, याला किचनमध्ये टाका. आणि मास्तर म्हणाले, तसे करता येणार नाही, त्याच्या तिन्ही वेळा संपल्या आहेत. शेठना वाटले, मास्तर काही पगाराच्या नियमाबद्दल बोलत असतील. ते फोनवर होते, त्यांनी हात हलवला. मास्तरांनी तो होकार धरला.

पुढचा आठवडाभर ते सायकलवरून उधना, बमरोली, भेस्तान असे फिरून दुसऱ्या मिलच्या मास्तरांपुढे निंबाचे नाव ठेवत होते. भेस्तानला रंगाचे नमुने आणायला मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून एक भेट मी प्रत्यक्ष पाहिली. तिथला मास्तर जाड, मिश्कील सुरती माणूस होता.

"आदमी अच्छा है," आमचे मास्तर म्हणाले. "हाथ साफ है, छुट्टी नहीं करता. एक ही खामी है. टेंपरेचर जल्दी चढ़ाता है."

तो मास्तर चहाचा कप खाली ठेवून आमच्याकडे पाहतच राहिला. "आटलो सारो छे, तो तमे केम आपो छो?" एवढा चांगला आहे तर देता कशाला, हे त्याला कळेना.

"हमारे यहाँ उसके तीन पूरे हो गए."

"त्रण शुं?"

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. मी नमुन्यांची पिशवी उचलून बाहेर येऊन उभी राहिले. बाहेरही मला त्या माणसाचे हसणे ऐकू येत होते.

परत येताना मी म्हणाले, "तुम्ही त्याचा दोष स्वतःहून का सांगितलात?"

"खेळात सगळे आकडे सगळ्यांना दिसतात."

"हा खेळ नाही, मास्तर."

ते जोरात पायडल मारू लागले. मी मागच्या कॅरिअरवर होते, त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

सुरतेत एखादा मास्तर आपला कारीगर दारोदार देऊ करतो याचा अर्थ एकच निघतो, की त्या माणसात सांगितली त्याहून मोठी काहीतरी खोट आहे. निंबाला कुणीही घेतले नाही. ज्या माणसाला उद्या कदाचित आपण होऊन कुठेही काम मिळाले असते, त्याचे दरवाजे मास्तरांनी एका आठवड्यात, अतिशय प्रामाणिकपणे, स्वतःच्या हाताने बंद करून टाकले होते. आणि बातमी फिरत फिरत शेठपर्यंत पोचली. एका व्यापाऱ्याने त्यांना विचारले की तुमच्या राणी रंगावर डाग पडतात म्हणे?

शेठ स्वतः माळ्यावर आले. मी स्पेक्ट्रोजवळ होते. मला जायला कुणी सांगितले नाही.

"मास्तर, आ शुं सांभळुं छुं? मारो कारीगर तमे बजारमां फेरवो छो?"

"पूछना पड़ता है, शेठ."

"उसको आज शाम को गेट के बाहर करो."

"नहीं कर सकते. किसी ने नहीं लिया, मतलब वो अपना है. ऐसा नियम है."

"किसका नियम? सरकार का?"

मास्तरांना खोटे बोलता येत नसे. त्या क्षणी तरी ते यावे अशी माझी इच्छा होती.

"खेल का," ते म्हणाले.

शेठनी संगणकाकडे पाहिले, मग मास्तरांकडे. ते ओरडतील असे मला वाटले. त्याऐवजी ते खुर्ची ओढून बसले आणि अगदी थंडपणे म्हणाले, "सारुं. खेल ही खेलते हैं. तुम्हारे खेल में आदमी कितने?"

"पच्चीस."

"छब्बीसवाँ रख सकते हैं?"

"नहीं."

"एक अंदर रखना है तो?"

"एक को नीचे भेजना पड़ता है."

"तो बोलो, कौन जाएगा?" त्यांनी माझ्याकडे बोट केले. "आ बेननो कायमनो कागळ मारा टेबल पर पड्यो छे. सही नहीं की है अभी." मला नोकरीत कायम करण्याचा तो कागद होता.

जाता जाता त्यांनी आणखी एक अट घातली. निंबा राहिला, तर एक महिना त्याचा प्रत्येक लॉट स्पेक्ट्रोवर मोजायचा. मूळ नमुन्यापासून फरक एकच्या आत असेल तर ठीक. एकदा जरी एकच्या वर गेला, तर त्याच दिवशी निंबा बाहेर, आणि त्यानंतर कोणताही नियम ऐकला जाणार नाही.

पुढचे तीन दिवस दुपारी संगणक बंद होता. मास्तर डबा उघडत आणि तसाच झाकून ठेवत. माझ्या बाजूने विचार करण्यासारखे काही नव्हतेच. माझे काम निर्दोष होते, निंबाचे नव्हते. कायम झाले की लग्नाचा विषय घरात वर्षभर तरी निघणार नव्हता, आणि त्या वर्षात मला संशोधनवृत्तीच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता. कोणत्याही समंजस माणसाने निर्णय पाच मिनिटांत घेतला असता.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या आधी, मास्तर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांचा हात कोटाच्या वरच्या बटणाकडे गेला तेव्हाच मला कळले.

"तुला खाली जावं लागतंय," ते म्हणाले. "किचनमध्ये, रोजंदारीवर. तुझा कागद आता सही होणार नाही."

"कारण?"

"तुझ्या तिन्ही वेळा शिल्लक आहेत. त्याची एकही नाही."

"मी त्याच्यापेक्षा चांगलं काम करते."

"करतेस."

"मग हा अन्याय आहे."

"आहेच," मास्तर म्हणाले. "म्हणून तर उभा राहून सांगतोय."

"मी पडद्यावरचं नाव नाही, मास्तर."

"माहीत आहे मला. पडद्यावरच्या नावाला घरी जाऊन आईला सांगावं लागत नाही." मग ते म्हणाले, "काही बोलायचंय?"

मला पुष्कळ बोलायचे होते आणि मी ते बोलले. निंबाचे दरवाजे तुम्ही बंद केलेत, मग त्याची भरपाई माझ्याकडून का, हे विचारले. तुम्ही माणसांना सोंगट्या समजता आणि त्याला रीत म्हणता, असेही म्हणाले. ते सगळे ऐकत उभे राहिले. खुर्चीला हात लावला नाही. पहिल्या प्रश्नावर मात्र त्यांनी मान खाली घातली, ती मी जिना उतरेपर्यंत वर केली नाही.

घरी वडील यंत्रमागावरच्या कामावरून नुकतेच आले होते. ते पायरीवर बसून पाय धूत होते. "गोंद ढवळासाठे शिकनी का तू?" एवढेच ते म्हणाले. आईने त्यांच्याकडे पाहिले आणि ते आत गेले. त्या रविवारी लग्नाचा विषय निघालाच.

किचनमध्ये हवा हलत नसे. गोंदाचा आंबूस वास केसांत बसे आणि साबणाने जात नसे. पहिला आठवडा माझे दंड रात्रभर दुखत. पण ढवळताना गोंदाचा घट्टपणा हाताला कळायला लागतो, आणि यंत्राशिवाय तो कळतो याचे मला नवल वाटे. ते मी कुणाला सांगितले नाही, मास्तरांना तर नाहीच.

निंबा एक दिवस किचनच्या दारात आला. गमछा हातात चुरगळत होता. "ताई, मनामुये तुम्ही आठे उन्यात."

"तुमच्यामुळे नाही. नियमामुळे."

"मंग त्या हालव्याले शिव्या देऊत दोन्हीजन."

मी हसले नाही. तोही नाही. त्याने माझ्या हातातली गोंदाची भरलेली बादली घेऊन दुसऱ्या बाजूला ठेवला आणि तो गेला.

प्रत्येक लॉट उतरला की माळ्यावरून मास्तरांची हाक येई, "एमेस्सी, वर ये." स्पेक्ट्रोवर मोजायला मला बोलवत. पहिल्या दिवशी मी स्पष्टच विचारले, "मीच का? तुम्हाला वाचता येतं की."

"मी मोजलं तर मला हवं तेच दिसेल."

"आणि मला काय हवंय ते तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणूनच. तुझ्या हातून एकच्या आत आला, तर शेठसुद्धा खोटा म्हणणार नाही."

मी मोजत गेले. आकडे एकच्या आत येत गेले, कधी सहज, कधी जेमतेम. मला कारण कळेना. ज्या माणसाला इतकी वर्षे थांबता आले नाही, तो आता कसा थांबतो? एका सकाळी गोंदाची बादली घेऊन मी जेटच्या बाजूने गेले, तेव्हा निंबा व्हॉल्व्हवर हात ठेवून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. मला वाटले, देवाचे नाव. जवळ गेल्यावर ऐकू आले. तो बेसबॉलच्या संघातली नऊ नावे म्हणत होता, एकेक, मोडून तोडून, पण क्रमाने. मास्तरांनी त्याला ती शिकवली होती. नऊ नावे सावकाश म्हणून झाली की व्हॉल्व्ह एक खूण फिरवायचा. पुन्हा नऊ नावे, पुन्हा एक खूण. मास्तरांनी घड्याळाशी ताडून पाहिले होते. निंबाच्या तोंडून ती नावे जेवढ्या वेळात बाहेर पडत, तेवढाच वेळ रंगाला लागत असे.

मी त्या वर्षअखेर परीक्षा दिली आणि पुण्याला संशोधनाला गेले. सुरत सुटली. पुढच्या वर्षी मिलमध्ये नवीन संगणक आल्याचे मला वडिलांकडून कळले. जुना भंगारात जाणार होता आणि खेळ नव्यावर चालत नव्हता. मास्तरांनी सलग काही दुपारी त्या संगणकासमोर उभे राहून वरच्या आणि खालच्या दोन्ही संघांतल्या प्रत्येकाला नावाने सांगितले म्हणे. कारण सगळ्यांना एकच होते : यंत्र बदलत आहे. खात्यातली माणसे जिन्याखाली उभी राहून ऐकत होती आणि कुणी हसले नाही, असे वडील म्हणाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मास्तर निवृत्त होऊन शिंदखेड्याकडे गेले. मला त्यांनी पत्र लिहिले नाही, मीही लिहिले नाही. आमच्यात तशी रीत नव्हती.

मला त्यांच्याविषयी विचारतात तेव्हा लोकांना एक विक्षिप्त, सज्जन माणूस ऐकायचा असतो. ते सज्जन होते असे मी सरसकट म्हणणार नाही. आपल्या सज्जनपणाने त्यांनी एका माणसाला जवळजवळ बेकार केले आणि ते निस्तरायला दुसऱ्याची जागा घेतली. पण नंतरच्या दोन वर्षांत माझ्या कामाविषयीचे निर्णय मला बंद पाकिटातून, तिसऱ्याकरवी आणि एकदा तर सूचनाफलकावरून कळले आहेत. माझ्यासमोर उभे राहून, माझ्या डोळ्यांत पाहून, एकच कारण सांगणारा माणूस मला आजवर दुसरा भेटलेला नाही.

शेठनी घातलेल्या अटीच्या महिन्यातला शेवटचा लॉट त्या ऑगस्टअखेरीस, शनिवारी दुपारी उतरला. राणी रंगच होता. शेठ स्वतः माळ्यावर आले आणि खुर्चीत न बसता उभे राहिले. निंबा जिन्याच्या तळाशी थांबला होता. मास्तर कठड्यावरून वाकून म्हणाले, "वर ये. जे काही असेल ते तुझ्यासमोर." निंबा वर आला आणि दाराशी, चपला काढून, उभा राहिला.

कापडाच्या पूर्ण रुंदीची पट्टी कापून आणली होती. डावा काठ, मध्य आणि उजवा काठ, अशा तीन जागी मोजायचे. तिन्ही आकडे एकच्या आत हवेत. मी हात धुतले, यंत्र त्याच्याबरोबरच्या पांढऱ्या टाइलवर जुळवून घेतले आणि डावा काठ लावला. शून्य पूर्णांक सहा. मध्य. शून्य पूर्णांक पाच. दोन्ही मी मोठ्याने वाचले आणि लिहिले. मास्तर पडद्याकडे पाठ करून उभे होते.

"त्रीजुं?" शेठ म्हणाले.

वाफ घाईने सोडली तर तिचा पहिला परिणाम उजव्या काठावर दिसतो, हे त्या खोलीतल्या चौघांनाही माहीत होते. आकडा एकच्या वर गेला तर निंबा जाणार, एक जागा मोकळी होणार आणि सोमवारी मी या खोलीत परत असणार होते, हेही चौघांना माहीत होते. मी काठ यंत्रावर लावला. कापडाला तिथे एक बारीक चुणी होती. चुणीवर मोजले तर रंग असतो त्याहून गडद भरतो आणि फरक वाढतो. ती माझ्याशिवाय कुणाला दिसणे शक्य नव्हते. मी कापड काढले, तळहाताने चुणी सपाट केली, पुन्हा लावले, कळ दाबली, आणि आला तो आकडा वाचून लिहिला. उजवा काठ : ०.९.